वैमानिक अभियोग्यता चाचणी (भारतीय हवाई दल)

वैमानिक अभियोग्यता चाचणी ही भारतीय हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी वैमानिकांची निवड करताना घेतली जाणारी चाचणी होय. विमान चालविण्यास लागणारे आकलन, हातपाय व डोळे यांचा मेळ आणि एकाच वेळी अनेक कामांकडे लक्ष ठेवण्याची क्षमता उमेदवारात कितपत आहे, हे तिच्यातून तपासले जाते. अनेक दशके ती ‘पायलट ॲप्टिट्यूड बॅटरी टेस्ट’ या नावाने, म्हणजे ‘पीएबीटी’ या संक्षेपाने, ओळखली जात असे. तिची जागा आता ‘कॉम्प्युटराइज्ड पायलट सिलेक्शन सिस्टिम’ अर्थात ‘सीपीएसएस’ या संगणकीकृत प्रणालीने घेतली आहे. भारतीय नौदल व भूदल यांच्या वैमानिकांच्या निवडीतही या प्रकारच्या चाचणीचा उपयोग केला जातो.

ही चाचणी उमेदवाराला आयुष्यात एकदाच देता येते. तीत अनुत्तीर्ण झालेला उमेदवार सैनिकी उड्डाण शाखेसाठी कायमचा अपात्र ठरतो. या नियमामुळे तिच्या पूर्वतयारीविषयी विद्यार्थी व पालक यांच्यात मोठे कुतूहल असते आणि तितकेच गैरसमजही आढळतात.

पार्श्वभूमी

विमानाच्या पहिल्या उड्डाणानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध सुरू झाले आणि युद्धरत देशांना थोड्या काळात मोठ्या संख्येने वैमानिक तयार करावे लागले. प्रशिक्षणातील अपघातांत अनेक तरुण दगावत. निरोगी शरीर आणि धाडसी वृत्ती एवढ्या दोन गोष्टी वैमानिक होण्यास पुरेशा नाहीत, हे अशा अनुभवांतून ध्यानात आले. फ्रान्समध्ये कामू व नेपर यांनी अचानक झालेल्या आवाजाने उमेदवाराचा श्वास, नाडी आणि हाताचा कंप यांत होणारे बदल नोंदविले. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक, जॉर्ज स्ट्रॅटन आणि व्ही. ए. सी. हेन्मन या मानसशास्त्रज्ञांनी प्रतिक्रियाकाल, तोल व कल यांची जाणीव आणि बुद्धिमत्ता यांच्या कसोट्या वैमानिकांवर करून पाहिल्या.

दुसऱ्या महायुद्धात या विषयाला शास्त्रशुद्ध रूप आले. अमेरिकी लष्करी हवाई दलात १९४१ मध्ये जॉन फ्लॅनगन यांच्या नेतृत्वाखाली वैमानिकी मानसशास्त्राचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. लेखी कसोट्या आणि यंत्रांवरील कसोट्या यांचे गुण एकत्र करून प्रत्येक उमेदवाराला १ ते ९ यांपैकी एक श्रेणी दिली जाई. या पद्धतीची परीक्षा घेण्यासाठी एक हजाराहून अधिक उमेदवारांना, त्यांचे गुण कितीही असले तरी, प्रशिक्षणास पाठविण्यात आले. उच्च श्रेणीतील उमेदवारांपैकी प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण खालच्या श्रेणीतील उमेदवारांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळले. चाचणीवरून प्रशिक्षणातील यशाचा काही अंदाज बांधता येतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

ब्रिटनमध्येही रॉयल एअर फोर्सने पडद्यावरील ठिपका हाताच्या दांड्याने व पायांच्या पट्ट्यांनी मध्यभागी आणण्याची कसोटी आणि वेगनियंत्रणाची कसोटी वापरात आणली. भारतीय चाचणीतील यंत्राधिष्ठित भागांची नावे आणि मूळ कल्पना या ब्रिटिश कसोट्यांशी जुळतात.

भारतातील विकास

भारतात सैनिकी अधिकाऱ्यांच्या निवडीसाठी मानसशास्त्रीय कसोट्यांचा वापर १९४३ मध्ये देहरादून येथे स्थापन झालेल्या निवड मंडळापासून सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत मानसशास्त्रीय संशोधन विभाग उभा राहिला. पुढे त्याचेच रूपांतर दिल्ली येथील संरक्षण मानसशास्त्रीय संशोधन संस्थेत झाले. ही संस्था संरक्षण संशोधन व विकास संघटनेचा, म्हणजे डीआरडीओचा भाग आहे.

जुन्या चाचणीची यंत्रे विद्युत-यांत्रिक स्वरूपाची होती. दीर्घ वापराने ती झिजत, त्यांचे सुटे भाग मिळणे अवघड होई आणि एका केंद्रावरील यंत्र दुसऱ्या केंद्रावरील यंत्रासारखेच वागेल याची खात्री राहत नसे. शिवाय विमानांची कक्ष-रचनाही दरम्यान बदलली होती. संगणकीकृत निवड प्रणालीची कल्पना संरक्षणमंत्र्यांचे तत्कालीन वैज्ञानिक सल्लागार डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी मांडली. डीआरडीओच्या प्रयोगशाळांनी हवाई दलाच्या सहकार्याने ती विकसित केली आणि २०१० नंतरच्या दशकात ती नियमित वापरात आली.

या घटनेला कलाम यांच्या जीवनातील एका प्रसंगाची पार्श्वभूमी आहे. मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये वैमानिकी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतल्यावर ते हवाई दलातील निवडीसाठी देहरादूनला गेले होते. पंचवीस उमेदवारांतून आठ जणांची निवड व्हावयाची होती आणि कलाम नववे आले. ‘अग्निपंख’ या नावाने मराठीत आलेल्या आत्मचरित्रात त्यांनी ही निराशा मोकळेपणाने सांगितली आहे. पुढे राष्ट्रपतिपदावर असताना, ८ जून २००६ रोजी, त्यांनी पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून सुखोई-३० या लढाऊ विमानातून उड्डाण केले.

निवड प्रक्रियेतील स्थान

हवाई दलाच्या उड्डाण शाखेत जाण्याचे प्रमुख मार्ग पुढीलप्रमाणे आहेत:

• बारावीनंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए. हिची लेखी परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो. बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय असणे हवाई दलासाठी आवश्यक आहे.
• पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा, म्हणजे सीडीएस.
• पदवीनंतर हवाई दलाची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे एएफकॅट. ही परीक्षा २०११ पासून घेतली जाते.
• राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागाचे ‘सी’ प्रमाणपत्र असणाऱ्यांसाठी विशेष प्रवेश.

मार्ग कोणताही असला तरी उमेदवाराला हवाई दल निवड मंडळासमोर जावे लागते. ही मंडळे देहरादून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी आणि कांचरापारा येथे आहेत. पहिल्या टप्प्यात बुद्धिमापन चाचणी आणि चित्र पाहून कथा व चर्चा, तर दुसऱ्या टप्प्यात मानसशास्त्रीय कसोट्या, गटकार्य व मुलाखत असते. वैमानिक अभियोग्यता चाचणी मात्र उड्डाण शाखेच्या उमेदवारांचीच होते. ती सर्व केंद्रांवर उपलब्ध नसल्यामुळे काही उमेदवारांना त्यासाठी दुसऱ्या केंद्रावर पाठविले जाते. निवड मंडळाची शिफारस आणि ही चाचणी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. अधिकारी म्हणून योग्य ठरलेला उमेदवार वैमानिक म्हणून अयोग्य ठरू शकतो.

त्यानंतर वैद्यकीय तपासणी होते. ती नवी दिल्ली येथील हवाई दल केंद्रीय वैद्यकीय आस्थापना किंवा बंगळूरु येथील हवाई-अवकाश वैद्यक संस्था येथे केली जाते. विमानकक्षात बसण्याच्या दृष्टीने उंची, पायांची लांबी, मांडीची लांबी आणि बसलेल्या अवस्थेतील उंची यांच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. पाय फार आखूड असल्यास पट्ट्यांपर्यंत पोहोचत नाहीत आणि मांडी फार लांब असल्यास आसनासह बाहेर फेकले जाण्याच्या प्रसंगी गुडघे समोरच्या फलकावर आपटण्याचा धोका असतो. रंगदृष्टी निर्दोष असावी लागते. ही मोजमापे घरी घेता येण्याजोगी असल्यामुळे ती अर्ज करण्यापूर्वीच ताज्या जाहिरातीशी पडताळून पाहणे इष्ट ठरते.

चाचणीचे स्वरूप

चाचणीचा नेमका आशय आणि गुणदानाची पद्धत गोपनीय ठेवली जाते. तिच्या मुख्य अंगांचे स्वरूप मात्र सर्वज्ञात आहे.

उपकरण आकलन

या भागात विमानाच्या कक्षातील तबकड्या वाचून निष्कर्ष काढावयाचे असतात. प्रश्नांपूर्वी उपकरणांची माहिती दिली जाते व ती समजून घेण्यास वेळ मिळतो. त्यामुळे विमानविद्येचे पूर्वज्ञान येथे अपेक्षित नसते. नवी माहिती किती लवकर समजते आणि ती लगेच वापरता येते का, हे पाहिले जाते. नेहमी येणारी उपकरणे अशी:

• उंचीमापक: हवेचा दाब उंचीबरोबर कमी होतो, या तत्त्वावर हे चालते. आखूड काटा हजार फूट आणि लांब काटा शंभर फूट दाखवितो. आखूड काटा ३ व ४ यांच्या मध्ये आणि लांब काटा ५ वर असल्यास उंची ३,५०० फूट होते.
• वेगदर्शक: समोरून येणाऱ्या हवेचा दाब आणि भोवतालच्या स्थिर हवेचा दाब यांतील फरकावरून वेग दर्शवितो. एकक नॉट असते. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.
• चढ-उतार दर्शक: विमान मिनिटाला किती फूट वर चढते किंवा खाली उतरते, ते सांगतो.
• होकायंत्र: विमानाच्या नाकाची दिशा अंशांत दाखविते. पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७० आणि उत्तर ३६० अंश.
• वळणदर्शक: विमान कोणत्या बाजूस किती वेगाने वळत आहे आणि वळताना घसरत तर नाही ना, हे दर्शवितो.
• कृत्रिम क्षितिज: जायरोस्कोपच्या साहाय्याने विमानाची जमिनीच्या संदर्भातील स्थिती दाखविते.

यांपैकी कृत्रिम क्षितिज नवख्यांना सर्वाधिक गोंधळात टाकते. तबकडीवरील छोटे विमान स्थिर असते आणि त्यामागील क्षितिजरेषा हलते. विमानाचे नाक वर गेले की रेषा छोट्या विमानाच्या खाली सरकते. विमान उजवीकडे कलले, म्हणजे त्याचा उजवा पंख खाली गेला, की रेषेची उजवी बाजू वर चढलेली दिसते. घाटरस्त्यावरील बसमध्ये डोके एका बाजूला कलविल्यास खिडकीबाहेरचे क्षितिज विरुद्ध बाजूला कललेले भासते, तसाच हा प्रकार आहे. कृत्रिम क्षितिज आणि होकायंत्र यांची वाचने एकत्र घेऊन विमानाची नेमकी स्थिती ओळखण्याचे प्रश्न या भागात विचारले जातात.

या कौशल्याचे महत्त्व केवळ परीक्षेपुरते नाही. पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी १९४७ मध्ये उपकरणे वाचताना वैमानिकांकडून झालेल्या २७० चुकांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. अनेक काट्यांचा उंचीमापक चुकीचा वाचला जाणे हा त्यांतील एक गंभीर प्रकार होता. ढगात शिरलेल्या वैमानिकाला स्वतःच्या शरीराची जाणीवही फसविते. अशा वेळी तबकडीवर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

ज्ञानेंद्रिय व स्नायू यांचा समन्वय

या भागात उमेदवार पडद्यासमोर बसतो. पडद्याच्या मध्यभागी चौकट असते आणि एक ठिपका सतत इकडेतिकडे सरकत असतो. ठिपक्याची आडवी हालचाल पायांच्या पट्ट्यांनी आणि उभी हालचाल हातातील दांड्याने नियंत्रित करून तो चौकटीत ठेवावयाचा असतो. मध्येच दिवा लागतो किंवा ध्वनी होतो. ठिपक्यावरील ताबा न सोडता दुसऱ्या हाताने त्याला प्रतिसाद द्यावा लागतो.

येथे दोन अडचणी हमखास येतात. पहिली पायांच्या पट्ट्यांची. सायकलचे हँडल डाव्या हाताने पुढे ढकलले की सायकल उजवीकडे वळते. विमानात मात्र डावा पाय दाबला की नाक डावीकडे वळते. सायकलची सवय असलेले शरीर पहिल्या काही क्षणांत उलट हालचाल करते. दुसरी अडचण अतिनियंत्रणाची. ठिपका दूर गेला म्हणून उमेदवार जोराने दुरुस्ती करतो, ठिपका मध्य ओलांडून दुसऱ्या टोकाला जातो आणि मग उलट दिशेने आणखी मोठी दुरुस्ती केली जाते. प्रत्यक्ष उड्डाणातही हा दोष धोकादायक मानला जातो. लहान, मऊ आणि वेळीच केलेल्या दुरुस्त्या हे चांगल्या नियंत्रणाचे लक्षण होय.

वेगनियंत्रण

या भागात नागमोडी मार्गावर मांडलेले ठिपके ठरावीक वेगाने उमेदवाराकडे येत राहतात. जुन्या यंत्रात ते फिरत्या पिंपावर असत आणि संगणकीकृत प्रणालीत ते पडद्यावर दिसतात. दांडा आडवा हलवून दर्शक प्रत्येक ठिपक्यावर नेमका आणावयाचा असतो. जवळच्या ठिपक्यावरच नजर खिळवून ठेवली तर पुढचे वळण अंगावर येते. नजर किंचित पुढे ठेवून हाताची गती आधीच जुळविणे, हे या कसोटीचे मर्म आहे.

संगणकीकृत प्रणालीत या मूळ अंगांबरोबरच एकाच वेळी अनेक कामे हाताळणे आणि त्यांतील कोणते आधी करावे हे ठरविणे, या बौद्धिक क्षमतांचेही मापन केले जाते. केंद्रांवरील उपकरणे सारखी राहणे आणि गुणांची नोंद आपोआप होणे, हे या बदलाचे दोन मोठे लाभ होत.

एकच संधी का

यंत्रावरील कोणत्याही कौशल्यात पहिल्या काही प्रयत्नांतच वेगाने सुधारणा होते. मानसशास्त्रात याला सरावाचा परिणाम म्हणतात. चाचणीला मोजावयाची असते ती अनोळखी यंत्र समोर आल्यावर उमेदवाराची शिकण्याची गती. दुसऱ्यांदा चाचणी दिल्यास गुण वाढतील, पण ती वाढ यंत्राच्या ओळखीमुळे झाली की क्षमतेमुळे, हे सांगता येणार नाही. पहिल्यांदा आलेल्या आणि दुसऱ्यांदा आलेल्या उमेदवारांची तुलनाही न्याय्य ठरणार नाही.

या नियमाला प्रशिक्षणाच्या खर्चाची आणि सुरक्षिततेचीही बाजू आहे. लढाऊ वैमानिक घडविण्यास दीर्घ काळ आणि मोठा निधी लागतो आणि ज्याला ते जमणार नाही अशा तरुणाला विमानात बसविणे त्याच्या जिवाशी खेळ ठरू शकते.

तथापि नियमाची किंमत व्यक्तीला मोजावी लागते. एनडीएचा उमेदवार चाचणीच्या वेळी सोळा-सतरा वर्षांचाही असू शकतो. त्या दिवशी ताप असणे, रात्रभर प्रवास झालेला असणे किंवा सूचना नीट न समजणे यांमुळे झालेले अपयश पुढे पदवीनंतरही पुसता येत नाही. म्हणून उड्डाण शाखेचा पर्याय विचारपूर्वक नोंदविणे आणि चाचणीस उत्तम शारीरिक व मानसिक स्थितीत सामोरे जाणे, या गोष्टींना या चाचणीत अन्य परीक्षांपेक्षा अधिक महत्त्व येते.

पूर्वतयारी

अभियोग्यता पाठांतराने वाढत नाही. मात्र तिच्या आविष्काराच्या आड येणारे अडथळे दूर करता येतात. पूर्वतयारीचा खरा हेतू हाच असतो.

उपकरण आकलनाची तयारी अभ्यासाने होऊ शकते. प्रत्येक उपकरण काय मोजते आणि कशाच्या आधारे मोजते हे समजले की तबकडी लक्षात ठेवावी लागत नाही. तोंडी गणिताचा सराव उपयोगी पडतो. १२० नॉट वेगाने जाणारे विमान एका मिनिटात २ सागरी मैल कापते. मिनिटाला ५०० फूट दराने उतरणारे विमान ३ मिनिटांत १,५०० फूट खाली येते. ३५० अंश दिशेने जाणारे विमान उजवीकडे ३० अंश वळले तर नवी दिशा २० अंश होते. सेकंदाला ३ अंश वळणारे विमान २ मिनिटांत पूर्ण वर्तुळ फिरते. अशी उदाहरणे कागद न घेता सोडविण्याची सवय लागल्यास चाचणीतील वेळ पुरतो. कागदाचे छोटे विमान हातात धरून ‘नाक खाली, डावा पंख खाली, तोंड पूर्वेला’ अशा स्थिती करून पाहणे आणि त्या स्थितीत कृत्रिम क्षितिज कसे दिसेल त्याचे चित्र काढणे, ही साधी रीतही परिणामकारक आहे.

समन्वयाच्या भागासाठी टेबल टेनिस, बॅडमिंटन, पोहणे यांसारखे खेळ सामान्य उपयोगाचे आहेत. त्यांचा लाभ महिनोन्‌महिन्यांच्या नियमित खेळातून होतो, आठवडाभराच्या धावपळीतून होत नाही. संगणकावरील उड्डाणाचे खेळ दांडा आणि पट्ट्या यांच्याशी ओळख करून देतात. परंतु त्यांतील नियंत्रणांची संवेदनशीलता चाचणीच्या यंत्रापेक्षा वेगळी असते आणि चुकीची सवय लागल्यास ती मोडण्यात वेळ जातो.

चाचणीच्या दिवशी पुढील बाबी महत्त्वाच्या ठरतात:

• आदल्या रात्री पुरेशी झोप. झोप अपुरी झाल्यास प्रतिक्रियाकाल वाढतो आणि लक्ष विचलित होते.
• सूचना शेवटपर्यंत ऐकणे. कोणता दांडा कोणत्या दिशेला परिणाम करतो हे सूचनांत सांगितलेले असते. शंका चाचणी सुरू होण्यापूर्वीच विचारावी.
• सरावासाठी मिळणारा वेळ यंत्राचा स्वभाव ओळखण्यासाठी वापरणे. किती दाबल्यावर ठिपका किती सरकतो, हे त्या वेळी पाहावे.
• चूक झाल्यास ती मागे सोडणे. एका हुकलेल्या ठिपक्याचा विचार करताना पुढचे तीन हुकतात.
• सर्दी, ताप किंवा दुखापत असल्यास ती न लपविता चाचणीपूर्वीच संबंधित अधिकाऱ्यांच्या कानावर घालणे.

प्रचलित गैरसमज

‘यंत्राची हुबेहूब प्रतिकृती आमच्याकडे आहे, यश निश्चित’ अशा जाहिराती काही खासगी शिकवण्या करतात. चाचणीचा आशय गोपनीय असल्यामुळे अशा दाव्यांची शहानिशा उमेदवाराला करता येत नाही. यंत्राची साधारण ओळख झाल्याने भीती कमी होते एवढे खरे. त्यापलीकडे यशाची हमी कोणालाही देता येत नाही.

अभ्यासात हुशार विद्यार्थी ही चाचणी सहज उत्तीर्ण होतो, हाही एक गैरसमज आहे. परीक्षेतील गुण आणि हातापायांचा मेळ यांचा परस्परांशी संबंध थोडाच असतो.

तिसरा गैरसमज सर्वाधिक क्लेशदायक आहे. चाचणीत अपयश आले म्हणजे आकाशाचे सर्व दरवाजे बंद झाले, असे अनेक विद्यार्थी मानतात. वस्तुतः हवाई दलाच्या तांत्रिक व अतांत्रिक भूशाखा, तसेच भूदल व नौदलाच्या उड्डाणेतर शाखा त्यांना खुल्या राहतात. मुलकी विमानचालनाशी तर या चाचणीचा संबंधच नाही. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी भारतात वयाची १८ वर्षे, २०० तासांचे उड्डाण, ठरावीक परीक्षा आणि वैद्यकीय पात्रता लागते. सैनिकी चाचणीचा निकाल तेथे विचारला जात नाही.

मर्यादा व टीका

कोणतीही अभियोग्यता चाचणी भविष्य वर्तवीत नाही, ती शक्यता सांगते. डेव्हिड हंटर आणि यूजीन बर्क यांनी १९९४ मध्ये वैमानिक निवडीवरील ६८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. चाचण्यांचे गुण आणि प्रशिक्षणातील यश यांच्यात निश्चित पण माफक सहसंबंध असल्याचे त्यातून दिसले. याचा अर्थ असा, की मोठ्या संख्येने उमेदवार निवडताना चाचणी संस्थेला उपयुक्त ठरते, पण एखाद्या विशिष्ट उमेदवाराविषयीचा तिचा निर्णय चुकीचाही असू शकतो. नाकारलेल्यांपैकी काही जण चांगले वैमानिक झाले असते. ते कोण, हे कधीच कळत नाही, कारण त्यांना प्रशिक्षणच मिळत नाही.

एका संधीच्या नियमावरील आक्षेप याच मुद्द्यावर आधारलेला आहे. इतर देशांत अधिक उदार नियम आढळतात. अमेरिकी नौदलाची विमानचालन निवड चाचणी ठरावीक अंतराने आयुष्यात तीनदा देता येते. नियमाच्या समर्थकांच्या मते भारतात उमेदवारांची संख्या मोठी आणि जागा थोड्या असल्यामुळे, योग्य उमेदवार सुटण्यापेक्षा अयोग्य उमेदवार निवडला जाणे हा अधिक मोठा धोका आहे.

चाचणीनंतर

उत्तीर्ण व वैद्यकीयदृष्ट्या पात्र उमेदवारांपैकी अंतिम निवड गुणवत्ता यादीनुसार होते. उड्डाण प्रशिक्षणाचे मुख्य केंद्र हैदराबादजवळील दुंडिगल येथील हवाई दल प्रबोधिनी हे आहे. तेथे प्राथमिक शिक्षण पिलाटस विमानावर दिले जाते. पुढे लढाऊ, मालवाहू आणि हेलिकॉप्टर अशा शाखा होतात व लढाऊ शाखेतील प्रशिक्षणार्थी बिदर येथे हॉक विमानावर शिकतात. चाचणी उत्तीर्ण झालेल्यांपैकीही काही जण या टप्प्यांवर गळतात.

स्त्रियांना हवाई दलाच्या मालवाहू व हेलिकॉप्टर शाखांत १९९० च्या दशकापासून वैमानिक म्हणून प्रवेश मिळाला. जून २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या लढाऊ शाखेतील पहिल्या स्त्री अधिकारी ठरल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर २०२२ पासून एनडीएत मुलींचा प्रवेश सुरू झाला. मुले व मुली यांना निवडीसाठी हीच वैमानिक अभियोग्यता चाचणी द्यावी लागते.

महाराष्ट्रातील संदर्भ

एनडीए पुण्याजवळ खडकवासला येथे आहे. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये सातारा येथे सुरू झाली. एनडीएच्या तयारीसाठी राज्य शासनाने १९७७ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे सैनिकी सेवा पूर्वतयारी शिक्षण संस्था स्थापन केली. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये नाशिक येथे सुरू झाली. भूदलाच्या वैमानिकांचे प्रशिक्षण केंद्रही नाशिक येथेच आहे. हृषीकेश मुळगावकर, लक्ष्मण कात्रे, अनिल टिपणीस, प्रदीप नाईक आणि विवेक चौधरी या मराठी वैमानिकांनी हवाई दलाचे प्रमुखपद भूषविले आहे.

हेही पाहा

• राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी
• भारतीय हवाई दल
• कृत्रिम क्षितिज
• मानसशास्त्रीय कसोट्या